चौथी आकृती आणि शंभरावी आकृती

काडेपेटीतल्या चार काड्या घेऊन एक चौकोन मांडावा. त्याची उजवीकडची काडी सामाईक धरून आणखी तीन काड्यांनी शेजारी दुसरा चौकोन जोडावा, मग तसाच तिसरा. पहिल्या आकृतीला ४ काड्या लागल्या, दुसरीला ७, तिसरीला १०. चौथ्या आकृतीला किती लागतील, असे पाचवी-सहावीच्या वर्गाला विचारले तर जवळजवळ सगळे हात वर जातात. दहाव्या आकृतीला किती, असे विचारले की वह्या उघडतात आणि मुले तीन-तीन मिळवत खाली उतरू लागतात. शंभराव्या आकृतीचे विचारले की वर्ग थबकतो. ते उत्तर फार अवघड असते असे नाही. तिथे जायची वाट वेगळी आहे आणि ती कोणी दाखवलेली नसते. चौथी आकृती आणि शंभरावी आकृती यांच्यामधल्या या अंतराविषयी ही पुस्तिका आहे.

आकृतिबंध हा शब्द मुलांना पहिली-दुसरीपासून माहीत असतो. पान, फूल, पान, फूल. किंवा लाल, निळा, निळा, लाल, निळा, निळा. हे आवर्ती आकृतिबंध. त्यांत तेच ते पुन्हा येते, आणि पुन्हा येणारा तुकडा सापडला की काम झाले. वाढता आकृतिबंध निराळा. त्यात प्रत्येक आकृती आधीच्या आकृतीहून मोठी असते, आणि ती कुठे वाढली, कितीने वाढली, हे एका नियमाने ठरलेले असते. इथे प्रथमच दोन राशी एकमेकींना बांधलेल्या दिसतात: आकृतीचा क्रमांक आणि तिला लागलेल्या काड्या. क्रमांक बदलला की काड्या बदलतात, आणि कशा बदलतात ते सांगता येते. दहावीच्या पुस्तकात अंकगणिती श्रेढीचे प्रकरण येते, त्याच्या आधी रेषीय समीकरणांचे आलेख येतात. त्या सगळ्याचे मूळ या दोन राशींच्या नात्यात आहे. हे नाते पाचवीत हाताने मांडलेले नसेल तर दहावीत न-व्या पदाचे सूत्र पाठ करण्यावाचून मुलाकडे दुसरा मार्ग उरत नाही.

हे नाते लिहून ठेवण्याचे साधन म्हणजे सारणी. डाव्या रकान्यात १, २, ३, ४. उजव्या रकान्यात ४, ७, १०, १३. दिसायला इतकी साधी गोष्ट, पण सारणीने तीन गोष्टी साधतात. सुटी सुटी मोजणी एका जागी येते. क्रमांक आणि संख्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात, त्यामुळे कोणती संख्या कोणत्या आकृतीची, हा गोंधळ संपतो. आणि पुढच्या रिकाम्या ओळी मुलाला खुणावतात. अजून न मांडलेल्या आकृतीबद्दल बोलण्याची हिंमत येते. न पाहिलेल्या आकृतीबद्दल खात्रीने बोलता येणे ही गणिताची फार मोठी देणगी आहे, आणि ती दहा वर्षांच्या मुलाला देता येते.

मात्र सारणी दोन तऱ्हांनी वाचता येते आणि या दोन तऱ्हांमधला फरक शिक्षकाने स्वतः नीट समजून घ्यायला हवा. पहिली तऱ्हा उजव्या रकान्यातून खाली उतरण्याची: ४ नंतर ७, ७ नंतर १०, म्हणजे दर वेळी ३ मिळवा. दुसरी तऱ्हा आडवी जाण्याची: १ वरून ४ कसे मिळाले, २ वरून ७ कसे, ५ वरून १६ कसे? उतरण्याची वाट मुलांना आपोआप सापडते. आडवी वाट सापडावी लागते. शंभराव्या आकृतीपर्यंत उतरत जायचे तर नव्याण्णव वेळा ३ मिळवावे लागतील. आडवे गेले तर शंभराची तिप्पट अधिक एक, म्हणजे ३०१, एका दमात हाती येते.

मुले या आडव्या वाटेवर कुठे अडतात हे पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियातील गणितशिक्षणाच्या अभ्यासक के स्टेसी यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ९ ते १३ वर्षांच्या मुलांना काड्यांच्या शिडीचे उदाहरण दिले होते: दोन पायऱ्यांच्या शिडीला ८ काड्या, तीन पायऱ्यांच्या शिडीला ११, तर वीस पायऱ्यांच्या शिडीला किती? मुलांच्या उत्तरांतून त्यांना काही ठरावीक पद्धती दिसल्या. कोणी मोजत जाते. कोणी फरक ३ आहे असे पाहून थेट वीसाला ३ ने गुणते. कोणी लहान शिडीच्या काड्या काढून त्यांची पट करते. आपल्याकडच्या वर्गातही हेच घडते. पाचव्या आकृतीला १६ काड्या, म्हणून दहावीला ३२, असे सांगणारे मूल प्रत्येक वर्गात भेटते.

या ३२ ला मी नुसते चूक म्हणणार नाही. आपली मुले पाढ्यांवर वाढलेली असतात, आणि पाढ्यात हा नियम तंतोतंत खरा आहे: सात पंचे पस्तीस, म्हणून साती दाहे सत्तर. पाढा हाही वाढता आकृतिबंधच आहे, फक्त त्याची सुरुवात शून्यापासून होते, त्यात जास्तीची काडी नसते. मुलाने पाढ्यातून शिकलेली खरी गोष्ट काड्यांना लावली, एवढेच घडले. अशा वेळी ‘चूक’ असे लिहून पुढे जाण्याऐवजी त्याला पाच चौकोनांच्या दोन ओळी मांडायला सांगाव्यात आणि त्या एकमेकींना जोडायला सांगावे. जोडताना दोन उभ्या काड्या एकावर एक येतात. एक काडी हातात उरते. १६ आणि १६ मिळून ३२, त्यातली एक परत, ३१. ती उरलेली काडी हातात धरली की सूत्रातला ‘अधिक एक’ कुठून आला हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही. दुप्पट करण्याची त्याची युक्तीही वाया जात नाही, दुरुस्त होते.

येथे या पुस्तिकेचा मुख्य आग्रह सांगतो. सारणीला दोनच रकाने ठेवू नका. मधे तिसरा, रुंद रकाना ठेवा आणि त्याला ‘कसे मोजले’ असे नाव द्या. पहिल्या आकृतीपुढे मूल लिहील १ + ३. दुसरीपुढे १ + ३ + ३. तिसरीपुढे १ + ३ + ३ + ३. चौथी-पाचवीपर्यंत लिहिता लिहिता हात कंटाळतो आणि मूल आपणहून १ + ५ × ३ असे लिहू लागते. त्या क्षणी पाचव्या आकृतीच्या ओळीत ५ हा अंक दोनदा दिसतो: एकदा डावीकडे क्रमांक म्हणून, एकदा मधल्या रकान्यात. त्या दोन पाचांकडे बोट दाखवा. बाकी काही बोलू नका. शंभराव्या ओळीत काय लिहायचे हे मुलेच सांगतात.

मधला रकाना भरताना आणखी एक गोष्ट घडते, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली ती सर्वांत मोलाची आहे. सगळी मुले सारखे मोजत नाहीत. एकाला डावीकडची एक काडी आणि मग तीन-तीनांचे गट दिसतात. दुसऱ्याला पहिला पूर्ण चौकोन दिसतो आणि पुढच्या प्रत्येकाला तीन. तो पाचव्या आकृतीपुढे लिहितो ४ + ४ × ३. तिसऱ्याला वर पाच आडव्या काड्या, खाली पाच आणि मधे सहा उभ्या दिसतात: ५ + ५ + ६. चौथा प्रत्येक चौकोनाला चार काड्या देतो आणि दोनदा मोजल्या गेलेल्या काढून टाकतो: ५ × ४ – ४. चारही वाटा १६ ला येऊन मिळतात. उजव्या रकान्यात फक्त १६ लिहिले असते तर या चार नजरा कोणालाच कळल्या नसत्या. एकच संख्या वेगवेगळ्या रूपांत लिहिता येते आणि ती रूपे नेहमीच, प्रत्येक आकृतीसाठी, समान असतात, हे बीजगणितातल्या पदावल्यांचे सार आहे. आठवीत कंस सोडवून सजातीय पदे एकत्र करायला आपण शिकवतो, तेव्हा ते का करायचे याचे उत्तर मुलाजवळ असले पाहिजे. इथे ते काड्यांत आहे.

सारणी कशी मांडावी याविषयी थोडे. १ ते १० सगळ्या ओळी ओळीने लिहून दिल्या की मुलाला उतरत जाण्याचीच सवय लागते. म्हणून १, २, ३ नंतर एकदम १०, मग २५, मग १०० घ्यावे. वाट तुटली की पूल बांधावा लागतो. कधी उलटेही विचारावे: ७६ काड्या संपल्या, तर कितवी आकृती झाली? एक बाजूला ठेवा, ७५ चे तीन-तीनांचे गट करा, पंचविसावी. आणि ९० काड्या दिल्या तर? इथे उत्तर नेमके जुळत नाही. एकोणतिसाव्या आकृतीला ८८ काड्या लागतात आणि २ उरतात. न जुळणारा प्रश्न मुद्दाम द्यावा, कारण सगळीच उत्तरे सुबक निघतात असा समज पाठ्यपुस्तकांनी करून दिलेला असतो. आणखी एक प्रश्न मला फार आवडतो: शून्याव्या आकृतीला किती काड्या? मुले आधी चक्रावतात, मग ४ मधून ३ वजा करतात आणि ती एकटी उभी काडी पुन्हा भेटते. पुढे आलेखकागदावर हे बिंदू मांडले की रेषा उभ्या अक्षाला जिथे भेटते तो हाच बिंदू. त्याचे विवेचन पुस्तिकेच्या उत्तरार्धात आहे.

महाराष्ट्रात हे सगळे करायला साहित्य शोधत हिंडावे लागत नाही. अंगणातली ठिपक्यांची रांगोळी घ्या. एका ठिपक्यापासून ओळीओळीने एकेक वाढवत सातापर्यंत जायचे आणि पुन्हा एकेक कमी करत एकावर यायचे. एकूण ठिपके किती? मधल्या ओळीत १, २, ३, ४, ५ ठिपके असतील तर एकूण ठिपके १, ४, ९, १६, २५. फरक काढले तर ३, ५, ७, ९. ते सारखे नाहीत. इथे मुले म्हणतात, नियम नाही. मग फरकांचे फरक काढायला सांगावे: २, २, २. नियम एक मजला खाली आहे. वर्गसंख्या तर मुलांनी लगेच ओळखलेल्या असतात, पण त्या का याव्यात? रांगोळी कागदावर काढून कागद थोडा फिरवून तिरप्या रेषांत ठिपके पाहिले की उत्तर मिळते: सात तिरप्या ओळी आणि प्रत्येक ओळीत सात ठिपके. ४९. ज्या बायका वर्षानुवर्षे दारात अशी रांगोळी काढत आल्या, त्यांच्या बोटांना हा तिरपा चौरस चांगला ठाऊक आहे. मुलांनी घरी आजीला किंवा आईला विचारून यावे आणि वर्गात काढून दाखवावी.

दुसरी रांगोळी दोन-दोनने वाढते: १, ३, ५, ३, १. तिचे एकूण ठिपके १, ५, १३, २५, ४१ असे जातात आणि फरक ४, ८, १२, १६. हिचा नियम पटकन दिसत नाही. ठिपके एकाआड एक दोन रंगांनी रंगवले तर दोन तिरपे चौरस एकमेकांत गुंफलेले दिसतात: २५ म्हणजे १६ आणि ९, ४१ म्हणजे २५ आणि १६. सारणीकडे तासभर बघून जे सुचले नसते ते दोन रंगांच्या खडूंनी दाखवले. याच कारणाने मी म्हणतो की सारणी झाली की चित्राकडे परतायचे. प्रत्येक वेळी.

या विषयाला आपल्या देशात फार जुना वारसा आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, ११५० साली, श्रेढीव्यवहार हा स्वतंत्र भाग आहे. तिथले सुरुवातीचे उदाहरण एकपासून नऊपर्यंतच्या संख्यांच्या वेगवेगळ्या बेरजा विचारते आणि मग त्या बेरजांच्याही बेरजा. उत्तरे मांडली की सारणीच तयार होते: १, ३, ६, १०, १५, २१, २८, ३६, ४५, आणि तिच्याखाली १, ४, १०, २०, ३५, ५६, ८४, १२०, १६५. खालच्या ओळीतले फरक म्हणजे वरची ओळ. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, तेराव्या शतकाच्या आरंभीचा. खानदेशातल्या शिक्षकांनी सहल काढताना हे ध्यानात ठेवावे.

नारायण पंडितांच्या ‘गणितकौमुदी’तला (१३५६) गाईचा प्रश्न तर वर्गात घेतलाच पाहिजे. एक गाय दरवर्षी एक वासरू देते. प्रत्येक वासरू तीन वर्षांचे झाले की तेही दरवर्षी एक वासरू देऊ लागते. वीस वर्षांत एका गाईचा गोतावळा किती होईल? सारणी करू लागले की पहिली तीन वर्षे सरळ जातात: १ गाय, मग २, ३, ४. चौथ्या वर्षी पहिले वासरूही वासरू देते आणि आकडा ६ होतो. मग ९, १३, १९, २८, ४१. मुले फरक काढतात: १, १, १, २, ३, ४, ६, ९, १३. आणि अचानक कोणाच्या तरी लक्षात येते की फरकांच्या रकान्यात मूळ संख्याच तीन ओळी मागून येत आहेत. का? या वर्षी जन्मलेली वासरे तितकीच, जितकी जनावरे तीन वर्षांपूर्वी गोठ्यात होती. तेवढीच आज आई होण्याजोगी आहेत. हे कारण सापडल्यावर वीसाव्या वर्षाचे २७४५ काढायला केवळ बेरीज लागते. नारायण पंडित मात्र पिढ्यांनी मोजतात: मूळची १, पहिल्या पिढीत २०, दुसरीत १५३, मग ५६०, १००१, ७९२, २१० आणि ८. बेरीज तीच, २७४५.

या उदाहरणाने एक तोल साधतो. आडवी वाट श्रेष्ठ आणि उतरण कनिष्ठ, असे कोणी समजू नये. गाईच्या प्रश्नात आधीच्या वर्षांवरून पुढचे वर्ष काढणे हीच स्वाभाविक वाट आहे. क्रमांकावरून थेट उत्तर देणारे सूत्र शाळेच्या आवाक्याबाहेर जाते. चार्ल्स बॅबेज यांनी १८२२ मध्ये दाखवलेले फरकयंत्राचे छोटे प्रारूपही उतरणीवरच चाले. ४१, ४३, ४७, ५३ अशी सारणी ते केवळ बेरजा करत तयार करी, कारण तिचे फरक २, ४, ६ असे जातात आणि फरकांचा फरक कायम २ राहतो. उतरत जाण्यात संगणकाचे मूळ आहे. मुलाला दोन्ही वाटा याव्यात, आणि कोणत्या प्रश्नाला कोणती सोयीची हे त्याने ठरवावे.

आता सारणीच्या धोक्याविषयी. एका वर्तुळावर बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदू प्रत्येक बिंदूला सरळ रेषेने जोडा. वर्तुळाचे जास्तीत जास्त किती भाग होतात? एका बिंदूला १, दोनांना २, तिनांना ४, चारांना ८, पाचांना १६. सहा बिंदूंना किती, असे विचारा. सगळा वर्ग ३२ म्हणेल. मग आकृती काढून मोजायला लावा. ३१ येतात. मुले पुन्हा मोजतात, शेजाऱ्याची वही ओढतात, कोणी सहज एक भाग जास्त मोजून ३२ करून टाकतो. पण ३१ च. (सहा बिंदू अगदी समान अंतरावर घेऊ नयेत. तसे घेतले तर मधल्या तीन रेषा एकाच बिंदूत मिळतात, एक भाग बुजतो आणि ३० च येतात.) पाच ओळी जुळल्या म्हणून सहावी जुळेलच असे नाही. इथे दुप्पट होण्याला चित्रात काही कारणच नव्हते. आपण केवळ आकड्यांवर विश्वास ठेवला होता. या सारणीचे फरक, फरकांचे फरक असे खाली खाली जात राहिले तर चौथ्या मजल्यावर सगळे १ मिळतात, म्हणजे नियम आहे, पण तो दुप्पटीचा नाही.

याच्या शेजारी दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचे उदाहरण ठेवावे. देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवणाऱ्या या गणितप्रेमी शिक्षकाचे ६१७४ सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या डेम्लो संख्या तितक्या माहीत नाहीत. ते नाव डोंबिवली स्टेशनावरून आले, तिथे त्यांना ही कल्पना सुचली होती. ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१, ११११ × ११११ = १२३४३२१. मुलांना ही शिडी विलक्षण आवडते. नऊ एककांपर्यंत ती बिनचूक चढते आणि १२३४५६७८९८७६५४३२१ मिळते. दहा एककांना? इथे मधल्या जागी १० येतात, हातचा पुढे जातो आणि सुंदर रचना विस्कटते: १२३४५६७९००९८७६५४३२१. वर्तुळाच्या उदाहरणात आपल्याला मोडण्याचा सुगावा नव्हता. इथे मात्र गुणाकार उभा मांडून पाहणारे मूल दहाव्या पायरीच्या आधीच सांगू शकते की आता मोडणार. ज्याला कारण कळले त्याला नियम कुठपर्यंत चालेल तेही कळते.

इंग्लंडमधील शिक्षक डेव्ह ह्युइट यांनी १९९२ साली ‘ट्रेन स्पॉटर्स पॅराडाइज’ या लेखात याच गोष्टीवर बोट ठेवले होते. स्टेशनावर उभे राहून जाणाऱ्या इंजिनांचे क्रमांक वहीत टिपून घेण्याचा छंद तिथे अनेकांना असे. वर्गात कोणताही प्रश्न आला की त्याचे आकडे सारणीत भरायचे, फरक काढायचा, सूत्र लिहायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे जायचे, या रिवाजात मूळ प्रश्न मागेच राहतो आणि वेगवेगळे प्रश्न एकसारखे होऊन जातात, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पूर्ण पटते. आपल्याकडे तर शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीने संख्यामालिकेची वेगळीच सवय लावली आहे. २, ४, ८ आणि पुढे प्रश्नचिन्ह. उत्तरपत्रिकेत १६ बरोबर. पण फरक २, ४, ६ असा धरला तर १४ ही येते, आणि तेही तितकेच नियमबद्ध आहे. ज्या मालिकेमागे चित्र नाही, गोष्ट नाही, मोजण्याचे कारण नाही, तिथे पुढची संख्या म्हणजे प्रश्न काढणाऱ्याच्या मनातली संख्या. तिचा सराव परीक्षेपुरता अवश्य करावा. मात्र तेवढ्याला आकृतिबंध शिकवणे म्हणू नये.

अक्षर कधी आणावे, असे शिक्षक नेहमी विचारतात. उशिरा. आधी नियम मराठी वाक्यात यावा: ‘कोणत्याही आकृतीला तिच्या क्रमांकाच्या तिप्पट आणि वर एक एवढ्या काड्या लागतात.’ हे वाक्य मुलाने स्वतः बनवलेले असावे, अडखळत का होईना. नंतर क्रमांकाच्या जागी न लिहिला की ३न + १ ही त्या वाक्याची लघुलिपी होते. भास्कराचार्यांच्या बीजगणितातही अव्यक्त राशींसाठी या, का, नी अशी आद्याक्षरे वापरलेली आहेत. अक्षराने काम हलके व्हावे हाच हेतू. अक्षर आधी आणि अर्थ नंतर, या उलट्या क्रमाने आपल्या कितीतरी हुशार मुलांचे बीजगणिताशी कायमचे बिनसले आहे, आणि याची खंत मला आहे.

२०२४ मध्ये आलेल्या एनसीईआरटीच्या सहावीच्या ‘गणित प्रकाश’ या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण आकृतिबंधांवर आहे, ही आनंदाची गोष्ट. पाठ्यपुस्तकाने दार उघडले आहे; आत काय होते ते वर्गातल्या पस्तीस-चाळीस मिनिटांवर अवलंबून. म्हणून या पुस्तिकेत उदाहरणे मुद्दाम थोडी ठेवली आहेत आणि प्रत्येकावर सविस्तर लिहिले आहे. एका आकृतिबंधाला किमान दोन तासिका द्याव्यात. पहिलीत मुलांनी मांडावे, मोजावे, सारणीचा मधला रकाना भरावा. दुसरीत एकमेकांचे मधले रकाने वाचावेत आणि ‘तुला हे कसे दिसले?’ असे विचारावे. काडेपेटीच्या काड्या नको असतील तर खराट्याचे हीर सारख्या लांबीचे तोडून घ्यावेत, चिंचोके किंवा बाटल्यांची झाकणे ठिपक्यांसाठी चालतात. बहुवर्ग शाळेत चौथीच्या मुलांनी मांडणी करावी आणि सातवीच्यांनी नियम लिहावा. तसे केल्यास दोन्ही वर्गांना एकाच साहित्यात काम मिळते.

शिक्षक मित्रांना आणि ताईंना एवढीच विनंती आहे. पुस्तिका वाचून कपाटात ठेवण्यापूर्वी पहिल्या धड्यातली चौकोनांची ओळ स्वतः मांडा आणि तिच्यासाठी तीन वेगवेगळे मधले रकाने लिहून पाहा. मग वर्गात जा. मुलांनी लिहिलेले रकाने पुसून टाकू नका, त्यांचे फोटो काढून ठेवा आणि केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत घेऊन या. आपल्या मुलांना कोणती वाट कुठे सापडते, याची तेवढी खात्रीची नोंद दुसरीकडे कुठे मिळणार नाही.